उजव्या बाजूचं माप

रविवार, ९ फेब्रुवारी

मयुराचं लग्न ठरलं. आठ मे. मुलगा वापीला कंपनीत आहे, घरचे उंबरगावचे. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तलासरीहून स्वतः फोन करून सांगितलं. आई नाही, त्यामुळे धाकट्या बहिणीच्या लग्नात आईच्या जागी मीच उभी राहणार. म्हणजे दोन भारी साड्या, दोन ब्लाउज, आणि ब्लाउजच्या आत घालायला काहीतरी धड. तिथेच अडलंय.

ही डायरी खतवाल्याने माझ्या नवऱ्याला, हितेशला दिलेली. तो म्हणाला, मला काय लिहायचंय, चिकूचा भाव? तूच घे. तर घेतली.

पार्थचं अंगावरचं दूध मी दिवाळीत तोडलं. अडीच वर्षांचा झाला तरी सोडेना. सासूबाई म्हणाल्या, कच्च्या चिकूचा चीक लाव. आमच्या वाडीत पिढ्यान्पिढ्या हेच करतात. चीक तुरट, ओठांना चिकटतो. पोर एकदा तोंड लावतं, थुंकतं, दोन दिवस रडतं आणि विसरतं. पार्थ तीन दिवस रडला. मी आठवडाभर. आठ-दहा दिवस चीक लावत होते, कारण तो पुन्हा पुन्हा येऊन बघायचा की आता तरी गोड झालंय का.

त्यानंतर अंगाचं काही खरं राहिलं नाही. डावी बाजू रिकाम्या पिशवीसारखी झाली. उजवी मात्र अजून भरलेली. जुन्या सगळ्या ब्रा वाकड्या बसतात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

डहाणूच्या बाजारात गेलो. हितेश स्कूटर घेऊन समोरच्या फुटपाथवर असा उभा राहिला, जसा काही दुसऱ्याच कुणाच्या बायकोची वाट बघतोय. दुकानदाराने मोबाइलमधून डोकं वर काढलं, माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "भाभी, छत्तीस." जणू कलिंगडच उचललं. मी म्हटलं, आधी चौतीस लागायची. "अरे बेन, बच्चा झाल्यावर बदलतं ना बधू. आ लई जाव." हीच घेऊन जा, म्हणे. घालून बघायला जागा नाही. बदलून मिळणार नाही अशी पाटी मात्र लावलेली, तीही तीन भाषांत.

दोन घेतल्या. एक पांढरी, एक करड्या रंगाची.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नाही बसत. डावीकडे कप चुरगळतो, उजवीकडे काठावरून वर येतं. त्यात उजवीकडची तार एका कडक जागेवर टेकते. हाताने बघितलं तर तिथे गाठ आहे. चिकूच्या बीपेक्षा मोठी, सुपारीएवढी असेल.

सासूबाईंना मोरीपाशी गाठून सांगितलं. त्यांनी ब्लाउजवरूनच हात लावला. "दूध गोठलं गो. एकदम तोडलंस ना, म्हणून. पान बांध एरंडाचं, गरम करून. उतरेल." मला हायसं वाटलं. यांना तीन मुलं झाली, यांना माहीत नसणार तर कुणाला?

शनिवार, १ मार्च

पान बांधून बांधून अंगाला एरंडाचा वास यायला लागला. पार्थसुद्धा नाक मुरडतो. गाठ आहे तिथेच आहे.

दिवसभर अंगठ्याने चिकू दाबून मी कच्चे-पिके वेगळे काढते. हा काही मऊ पडत नाही. पण दुखत अजिबात नाही. सासूबाई म्हणाल्या, "दुखत नाही ना? मग झालं तर." खरं आहे. वाईट काही असतं तर ठणकलं असतं.

तार काढून टाकली ब्रामधली. तेवढ्याने बरं वाटतंय.

बुधवार, १९ मार्च

आज आरोग्यकेंद्राची आशाताई आली होती, जानी. पाड्यावरून चालत येते, ऊन असो, काही असो. पार्थचा डोस झाला, मग मला म्हणाली, "वहिनी, तिशीच्या वरच्या सगळ्या बायांना विचारायचंय. पांढरं जातं का, छातीत गाठबिठ, काही?" ओट्यावर बसलो होतो. दोन हातांवर हितेश आणि रघ्या क्रेट भरत होते. रघ्या आमच्याकडे चिकू काढायला येतो, त्याचे कान नेहमीच आमच्याकडे.

मी म्हटलं, काही नाही.

जानीने चहाचा कप खाली ठेवला. "शिबिर आहे डहाणूला, कॉटेज हॉस्पिटलात. बाईडॉक्टर हायत. नुसतं बघून घ्यायचं." मी म्हटलं, लग्नाची गडबड आहे, बघू नंतर. ती गेल्यावर स्वतःलाच सांगितलं की हिला बोललं असतं तर उद्या वाणगावच्या बाजारात चर्चा झाली असती. तशी ती बाई नाही, हेही मला माहीत आहे.

गुरुवार, ३ एप्रिल

आंघोळीच्या वेळी नीट बघितलं. बोंड आत गेलंय. भोवतालची कातडी जाड झालीय, छिद्रं दिसतात, संत्र्याच्या सालीसारखी.

मी इतकी घाबरले की तशीच ओल्या अंगाने साडी गुंडाळून सासूबाईंकडे गेले. या वेळी त्यांनी दार लावून बघितलं. पदर परत माझ्या खांद्यावर ओढला. मग म्हणाल्या, "चीक आत बसला. तू लई दिवस लावलास गो. सुकला की ओढून धरतो तो."

ऐकलं आणि सगळं जागेवर आलं. चिकाचं तसंच असतं. हाताला लागला की कातडी ओढली जाते, साबणाने निघत नाही, काळा पडतो. तो काढायचा तर खोबरेल तेल. आमच्याकडे चिकू काढून आलेला माणूस आधी तेलाची बाटली मागतो, मग पाणी. आजपासून रोज सकाळ-संध्याकाळ खोबरेल चोळायचं.

लावायला सासूबाईंनीच सांगितलं होतं, हे त्यांच्याही लक्षात आलंय. दुपारी माझ्या ताटात त्यांनी न विचारता बोंबलाचं कालवण जास्त वाढलं.

गुरुवार, १० एप्रिल

तेलाने ब्रा खराब होतात. चारोटीला हायवेवर त्या मोठ्या हॉटेलाशेजारी नवीन दुकान निघालंय, तिथून चाळीसची घेऊन आले. उजवीकडे छान बसते. पण पट्टा इतका सैल की दोन घडी घालून टाके मारावे लागले. हितेश म्हणाला, "दर महिन्याला तुझा नंबर वाढतो. चिकूचा भाव असा वाढला तर बंगला बांधीन." हसले मी. त्याला काही माहीत नाही. पार्थ आमच्या मध्ये झोपतो ते एका परीने बरंच आहे.

काखेतही एक बारीक गाठ आलीय. घामाने आणि पट्टा काचल्याने असणार. पट्टा सैल केला. पाठही दुखते. क्रेट उचलणं आता रघ्यावर सोडायला हवं.

गुरुवार, १७ एप्रिल

आज सापडली!

आप्पांकडे तलासरीला आलेय, मानपानाच्या साड्या घ्यायला. मयुरा म्हणाली, ताई, नाक्याजवळ एका बाईने दुकान काढलंय, पडदा लावून मापं घेते. संगिता नाव तिचं. हसरी, तोंडात सुपारी, आणि आवाज असा की सगळ्या नाक्याला आपला नंबर कळावा. माझ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला टेप लावून मापलं. ब्लाउजवरूनच मापलं, काढायला लावलं नाही. एकदा छातीखालून, एकदा छातीवरून. "छत्तीस सी. कोण म्हणालं चाळीस? वेडा होता का तो?"

मी हळूच म्हटलं, माझी एक बाजू लहान-मोठी आहे. "सगळ्यांचीच असते ताई! माझी बघितलीत तर हसाल. देवाने काय टेप घेऊन बसून केलंय का?" तिने डाव्या कपात पातळ पॅड घातलं, उजवीकडचं काढलं, मी तिच्याकडे पाठ करून ब्रा चढवली तेव्हा मागचे हूक लावले, खांद्यावरचा पट्टा वर घेतला आणि मला आरशासमोर उभं केलं. दोन्ही बाजू सारख्या! वर ब्लाउज घातला तर कुणाला शंका येणार नाही. पडद्यामागे मला रडूच आलं. संगिताला वाटलं किंमत ऐकून रडतेय, तिने पन्नास रुपये कमी केले.

परत येताना बसमध्ये खिडकीत ताठ बसले. किती महिन्यांनी.

शुक्रवार, २५ एप्रिल

ब्रा घातली की सगळं ठीक असतं. काढली की भीती वाटते. आज कातडीला एका जागी चीर पडून पाणी आलं.

सासूबाईंना म्हटलं, आई, मी डहाणूला बाईडॉक्टरला दाखवून येते. त्या कोथिंबीर निवडत होत्या. निवडतच राहिल्या. "लग्न पंधरा दिवसांवर आलं. डॉक्टरकडे गेलीस की तो काहीतरी काढणारच. उंबरगाववाल्यांच्या कानावर गेलं तर? आईविना पोर आहे ती. लोक म्हणतील, घराण्यात दुखणं आहे. होऊन जाऊ दे गो तेवढं. मग मी स्वतः येते तुझ्याबरोबर. हितेशला आता सांगू नको, घाबरट आहे तो."

मी बरं म्हटलं. आणि लपवायचं कशाला, मला हेच ऐकायचं होतं. त्या जा म्हणाल्या असत्या तर मला जावं लागलं असतं.

शुक्रवार, ९ मे

लग्न झालं. पाय सुजलेत, आवाज बसलाय, पण झालं. सगळ्या बायका मला म्हणत होत्या, जयश्री, किती छान दिसतेस, बारीक झालीस. बारीक झालेय हे खरं. जेवणच जात नाही हल्ली. आप्पांनी फोटोवाल्याला बोलावून माझा एकटीचा फोटो काढायला लावला.

पाठवणीच्या वेळी मयुरा गळ्यात पडली आणि सोडेचना. मग एकदम मान वर करून, डोळ्यांत पाणी तसंच, म्हणाली, "ताई, इथे काय ठेवलंयस? दगडासारखं लागलं." आमच्याकडच्या बायका पाकीट, मोबाइल सगळं ब्लाउजमध्येच खोचतात. मी म्हटलं, पाकीट आहे गं, आहेराचं. ती हसली. पण गाडीत बसल्यावर काचेतून माझ्याकडे बघत राहिली. बहिणीला सोडून जाताना वाईट वाटणारच.

मंगळवार, १३ मे

मयुरा माहेरी यायची ती आधी थेट आमच्याकडे आली. तिचा नवरा बाहेर हितेशशी बोलत बसला. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली, कडी लावली आणि म्हणाली, "पाकीट उजवीकडे का खोचलं होतंस? तू उजव्या हाताने काढतेस. डावीकडे खोचतेस तू, लहानपणापासून बघतेय मी." मी काहीतरी सांगायला लागले. तिने ऐकलं नाही, स्वतःच हूक काढले.

आधी पॅड खाली पडलं. मग तिने बघितलं.

ओरडेल असं वाटलं होतं. तिने पुन्हा हूक लावले, एकेक करून, मी पार्थला कपडे घालते तसे. मग बाहेर गेली आणि सरळ हितेशला सांगितलं, नव्या नवऱ्यासमोर. मी आतून ऐकत होते. लाजेने मेल्यासारखं झालं. तिचा नवरा म्हणाला, गाडी बाहेरच आहे, आत्ताच निघू. उंबरगाववाल्यांच्या कानावर गेलं ते असं.

हितेश आत आला आणि म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" एवढं एकच. पाच-सहा वेळा.

बुधवार, १४ मे

काल संध्याकाळी डहाणूच्या बाईडॉक्टरने हात लावला आणि हात तसाच ठेवून विचारलं, कधीपासून? मी चिकाचं सगळं सांगितलं. दिवाळी, पार्थ, खोबरेल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, याचा चिकाशी काही संबंध नाही. चीक लावला नसता तरी हे झालंच असतं. फक्त चिकामुळे आपण थांबलो." आपण म्हणाली. तिचं काय गेलं होतं थांबण्यात?

सुई घालून तुकडा काढला. नाव तिने घेतलं नाही, पण मुंबईला पाठवलं तेव्हा चिठ्ठीवरचं हॉस्पिटलचं नावच पुरेसं होतं. आज आप्पा आले. ओट्यावर बसून राहिले. चहा गार झाला.

सोमवार, २ जून

मुंबईचे सगळे रिपोर्ट आले. काखेत आहे. मणक्यात एक-दोन ठिपके आहेत म्हणाले. म्हणजे पाठ दुखत होती ती क्रेटमुळे नव्हती. सलाइनची औषधं सुरू करायची, दर तीन आठवड्यांनी. डॉक्टर चांगले आहेत, शांत बोलतात. हितेशने विचारलं, ऑपरेशन कधी? ते म्हणाले, सध्या ऑपरेशनचा विचार नाही, औषधांनी जितकं धरता येईल तितकं धरू. हितेशला इतका आनंद झाला की खाली येऊन त्याने सगळ्यांना फोन केले, कापाकापी नाही म्हणून. मलाही बरं वाटलं. काढावं लागेल याचीच धास्ती होती.

बाहेर व्हरांड्यात एक वयस्क बाई टेबल मांडून बसल्या होत्या. ज्यांचं काढलंय त्यांच्यासाठी आत खिसा असलेल्या ब्रा आणि त्यात घालायचे मऊ गोळे. त्यांचंही ऑपरेशन झालंय म्हणे, वीस वर्षांपूर्वी. बायका रांगेने नंबर सांगत होत्या, बऱ्याच जणींना आपला नंबर माहीत नव्हता. मला माहीत होता. माझी पाळी आली तेव्हा मी ठणकावून सांगितलं, छत्तीस सी. आत्ता नको, पण पुढे लागलीच तर नाव लिहून ठेवा.

त्यांनी माझी फाइल मागितली. दोन पानं बघितली, मिटली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, "तुमचं आपण नंतर बघू हं, बाळा." नंबर लिहून घेतलाच नाही. माझ्या मागच्या बाईचा मात्र घेतला.

परतीच्या वाटेवर हितेश पार्थच्या शाळेचं बोलत होता. मी त्या बाईंच्या हातांचा विचार करत होते.

रविवार, ८ जून

पहिलं सलाइन झालं. केस गळायला अजून वेळ आहे म्हणाले, पण तोंडाची चव गेली. पार्थला मयुरा घेऊन गेलीय. उंबरगावच्या सासूने स्वतः फोन केला होता, राहू दे पोराला आमच्याकडे. ज्यांच्यासाठी लपवलं ती माणसं अशी निघाली.

सासूबाई जेवत नाहीत. ताट घेऊन बसतात, भात चिवडतात, उठतात. वाडीतल्या घराघरात जाऊन सांगतात, पोरं तोडायला चीक लावू नका, माझ्या सुनेचं बघा. परवा शेजारच्या नव्या सुनेने मला येऊन विचारलं, खरंच चिकाने होतं का हो? मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी काय डॉक्टर आहे.

आज दुपारी त्या माझ्या पायाशी येऊन बसल्या. आधी पाय चेपले. मी नको म्हटलं तरी चेपत राहिल्या. मग खाली बघून विचारलं, "चिकाचं काय बोलले गो डॉक्टर? मुंबईचे?"

मी म्हटलं, "काही नाही बोलले."

डहाणूच्या बाईचं वाक्य मला तोंडपाठ आहे. चीक लावला नसता तरी हे झालंच असतं. एवढं सांगितलं असतं तर सासूबाई आज पोटभर जेवल्या असत्या. नाही सांगितलं. एप्रिलमध्ये त्यांनी मला थांबवलं हे विसरले नाही, आणि मला थांबायचंच होतं हेही विसरले नाही. पण राग हे कारण नाही, किंवा तेवढंच नाही.

हितेश हसून बोलतो. आप्पा फोनवर विनोद सांगतात, आयुष्यात कधी सांगितला नसेल तो माणूस. मयुरा पार्थचे व्हिडिओ पाठवते. सगळ्यांनी ठरवलंय की मी बरी होणार. माझ्याइतकी घाबरलेली या घरात एकच बाई आहे, माझ्या पायाशी बसलेली. तिला खरं सांगितलं की ती सुटेल. मग घाबरायला मी एकटीच उरेन.